स्कूटर ‘स्कड’ करते का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ‘माय फादर स्कडेड टू द ऑफिस ऑन हिज स्कूटर’ असं तिनं निबंधात लिहिलं. बाईंनी ‘स्कडेड’ खोडून ‘वेंट’ केलं. डिक्शनरीत तर ‘वेगानं जाणं’ असाच अर्थ आहे. मग चुकलं कुठे?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : व्याकरण चोख आहे. भूतकाळात ‘डी’ दोनदा लिहिला असेल तर स्पेलिंगही बरोबर. पुष्कळांचं घोडं तिथंच अडतं. फक्त हे क्रियापद स्कूटरवर बसत नाही.

‘स्कड’ हा दर्यावर्दी लोकांच्या तोंडचा शब्द. वादळात बहुतेक शिडं उतरवायची, वारा पाठीशी घ्यायचा आणि तो रेटेल तसं जहाज पळू द्यायचं, याला ते ‘स्कड’ म्हणत. म्हणजे वेग आहे, पण तो वाऱ्याचा. ढगांना हा शब्द चपखल बसतो तो त्यामुळेच. ‘द क्लाउड्स स्कडेड अक्रॉस द स्काय’ हे त्याचं हक्काचं वाक्य. हवामानवाले तर पावसाळी ढगांच्या खालून पळणाऱ्या विस्कटलेल्या ढगांनाच ‘स्कड’ म्हणतात. तुम्ही चिपळूणचे, तुम्हाला काय सांगायचं! जुलैत कुंभार्ली घाटाकडे बघा. वरचं करडं आभाळ जागचं हलत नाही आणि त्याच्या खालून चिंध्या चिंध्या झालेले ढग डोंगराकडे धावत असतात. ते खालचे, ते ‘स्कड’.

तेव्हा कर्ता निवडताना वारा आठवावा. ‘अ ड्राय लीफ स्कडेड अलाँग द प्लॅटफॉर्म’ छान. ‘द बोट स्कडेड बिफोर द विंड’ उत्तम. इथं ‘बिफोर’ म्हणजे वारा मागून आहे. पण ‘ही स्कडेड द स्कूटर’ असं कर्म जोडू नये.

मुलगी हुशार दिसते, वाद घालेल. शेक्सपिअरच्या १५९३ सालच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’मध्ये घोडासुद्धा ‘स्कड’ करतो, असं म्हणेल. करतो खरा. पण तो काव्यातला उधळलेला घोडा आहे, साडेनऊला डबा घेऊन निघालेले बाबा नव्हेत. आमच्या पिढीला १९९१ च्या आखाती युद्धातली ‘स्कड’ क्षेपणास्त्रं आठवतात. ते ‘नाटो’नं सोव्हिएत क्षेपणास्त्राला दिलेलं सांकेतिक नाव, जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्यांची नावं ‘एस’वरून ठेवत. त्याचा आपल्या वाक्याला काही उपयोग नाही.

बाईंचं ‘वेंट’ मात्र मला फार मिळमिळीत वाटतं. बाबा वाहनांच्या गर्दीतून सुळकन जात असतील तर ‘झिप्ड’ लिहावं, उशीर झाल्यानं घाईत असतील तर ‘हरीड’. ‘स्कड’ वहीत जपून ठेवायला सांगा. परीक्षेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ कधी ना कधी येतोच.