सहाव्या महिन्यात बाळ लहान दिसतंय, हिमोग्लोबिन ९.२ आहे. आहारात काय वाढवू?

तुम्ही लिहिलंय की पत्नीला २६वा आठवडा सुरू आहे, सोनोग्राफीत बाळ दोन आठवड्यांनी मागे दिसलं, घरात केशर-दूध आणि डिंकाचे लाडू सुरू आहेत, आणि त्या रोज लोकलने फोर्टला कामाला जातात. लाडू बंद करा म्हणणार नाही, पण नुसते लाडू वाढवून हे सुटणार नाही.

आधी तारीख तपासा. पाळी अनियमित असेल आणि आठवडे शेवटच्या पाळीवरून मोजले असतील, तर चांगलं वाढणारं बाळही रिपोर्टात लहान ठरतं. ११ ते १३ आठवड्यांत केलेली सोनोग्राफी शोधून काढा, तिच्यातली तारीख जास्त भरवशाची. ती तारीख धरूनही बाळ लहानच दिसत असेल तर पुढचं माप दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचं. त्याआधी घेतलं तर मशीनवरच्या मापातली चूक कुठली आणि वाढ कुठली, हे कळत नाही.

आता हिमोग्लोबिन. गरोदरपणात ११च्या खाली गेलं की रक्तक्षय. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ९.२ला साधारण दिवसाला दोन गोळ्या देतात, पण तुमच्या डॉक्टरांनी किती लिहून दिल्यात ते बघा. गोळी घेऊनही आकडा हलत नाही, याचं कारण बऱ्याचदा गोळी कशाबरोबर घेतली यात असतं. सकाळी गाडी पकडायच्या घाईत चहाच्या घोटाबरोबर लाल गोळी आणि पाठोपाठ कॅल्शियम, हे अगदी नेहमीचं. चहातलं टॅनिन लोह अडवतं, कॅल्शियमही अडवतं. केशर-दुधाबरोबर घेतली तरी तेच.

त्यापेक्षा असं करा: कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर एक, रात्रीच्या जेवणाबरोबर एक. लोहाची पहिली सकाळी अकराच्या सुमारास, ऑफिसात, लिंबूपाण्याबरोबर. दुसरी रात्री जेवणानंतर दोन तासांनी. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. महिनाभरात हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने चढायला हवं. नाही चढलं तर गोळ्या बदलत बसण्याआधी थॅलेसेमियाची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का ते विचारा (पत्नी वाहक निघाली तर तुमचीही लागेल), आणि जंताची गोळी दिली होती का तेही. पावसाळ्यात ताप आला असेल तर मलेरियाची तपासणी टाळू नका, मलेरिया रक्त आणि बाळाचं वजन दोन्ही खातो.

एक प्रश्न अवघड वाटेल, तरी विचाराच: मशेरी लावतात का? हा तंबाखूच आहे, दात घासायला असला तरी. निकोटीन वारेकडचा (प्लॅसेंटाकडचा) रक्तपुरवठा कमी करतं आणि बाळ लहान राहतं. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर तेही बाहेर.

बाळ खरंच लहान असेल, तर त्याला अन्न पोचवणारी वार नीट काम करतेय का, हा खरा प्रश्न. म्हणून दर भेटीत बीपी आणि लघवीतलं प्रोटीन, आणि डॉक्टरांना डॉपलरबद्दल (वार-नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) स्पष्ट विचारा. बीपी १४०/९० किंवा वर, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी प्रसूतिगृहात.

प्रवासाचं म्हणाल तर गर्दीच्या वेळेत दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, गरोदर बायकांना तिथे परवानगी आहे. डॉक्टरांचा कागद पर्समध्ये असू द्या.

२८व्या आठवड्यापासून रोज एकदा जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी वाटल्या, तर रात्र असली तरी निघायचं.