दोन विषय बॅक, आणि घरी सांगितलंय "सगळं क्लिअर"

तुझं पत्र दोनदा वाचलं रे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मुलगा बीड जिल्ह्यातला, बीएस्सीला कॉलेजात पहिला आलेला, आता पुण्यात विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सला आहे, पहिल्याच सेमला क्लासिकल मेकॅनिक्स आणि मॅथेमॅटिकल मेथड्स दोन्ही बॅक राहिले, म्हणजे नापास, आणि घरी दादांना, म्हणजे वडिलांना, सांगून बसलाय की सगळं क्लिअर. आता रूममेट म्हणतोय सोड हे, एमपीएससी कर. आणि हा मला विचारतोय, ताई सोडू का?

नको सोडूस. निदान या कारणासाठी तरी नको.

तू पानभर इंग्रजीबद्दल लिहिलंयस, पण मला खटकली ती मधेच आलेली एक ओळ, की चार महिन्यांत वर्गात एकदाही काही विचारलं नाही. अरे कॉलेजात पेपर बाहेरून यायचा, मागच्या पाच वर्षांचे प्रश्न घोटले की साठ-सत्तर टक्के कुठे जात नव्हते, आणि तू त्यात हुशार होतास. इथे विभागात जे सर शिकवतात तेच पेपर काढतात आणि तेच तपासतात, म्हणजे त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते वर्गातच कळतं आणि तू तर शेवटच्या बाकावर मान खाली घालून. तिथे जुनी युक्ती चालत नाही एवढंच झालंय. तू ढ झालेला नाहीस.

वर्गात सगळ्यांसमोर नको वाटतं ना, मग लेक्चर झाल्यावर सरांच्या मागे जा. वही घेऊन, आणि "सर काहीच कळलं नाही" असं म्हणायचं नाही, त्यावर कोण काय सांगणार! "सर, या तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?" असं बोट ठेवून विचार, आणि मराठीत विचार. गणितं इंग्रजीत सोडव, शंका मराठीत विचारल्या म्हणून कोणी फासावर देत नाही. ज्या नारळीकरांनी त्याच कॅम्पसवर आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली ते मोठमोठं विज्ञान मराठीत लिहीत होतेच की. मात्र शुद्ध मराठी शब्दांच्या मागे लागू नकोस, क्वांटम मेकॅनिक्सला पुंजयामिकी म्हटलं की मला तर जास्तच भीती वाटते.

आणि एनपीटीईएलच्या साइटवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर्स फुकट आहेत, स्पीड कमी करून, खाली अक्षरं चालू ठेवून बघ. पहिले पंधरा दिवस डोकं दुखेल, मग कान सरावतो.

एमपीएससीबद्दल. ज्याला मनापासून करायचीय त्याने जरूर करावी, पण तू ती करायची म्हणतोयस ती बॅक लपवायला. विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीत जाऊन बस एक दिवस आणि आजूबाजूच्या टेबलांवरच्या पोरांना विचार किती वर्षं झाली, म्हणजे कळेल. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, पानंच्या पानं लिहायची. समजून लिहायचा कंटाळा म्हणून तिकडे पळशील तर तिथेही तेच वाट बघत बसलंय.

आता घरचं. हे सगळ्यात अवघड, माहितीय मला. मी स्वतः एकदा नापास झालेलं लपवलं होतं, आणि आमच्या अण्णांना ते एसटी स्टँडवर गावातल्याच एका पोराकडून कळलं. ते मला ओरडले नाहीत, फक्त म्हणाले "मला आधी सांगायचं होतंस", आणि ते मला आजपर्यंत ओरडण्यापेक्षा जास्त लागलंय. तुझ्याच गावची दोन पोरं पुण्यात आहेत असं तूच लिहिलंयस, म्हणजे हे किती दिवस झाकून राहणार?

फोन करायच्या आधी विभागाच्या ऑफिसात जा, बॅकची परीक्षा कधी, फॉर्म कधी, फी किती, कागदावर लिहून घे. कारण सोयाबीनच्या पैशातून तुझी खोली चालते, दादा पहिला प्रश्न हाच विचारणार. मग सरळ दादांनाच सांग, मायला सांगून तिच्यातर्फे पोचवू नकोस, तिला उगाच मधे अडकवू नकोस. "दोन विषय राहिलेत, मी खोटं बोललो, अमुक महिन्यात परीक्षा आहे, एवढे पैसे लागतील." बास. पुढे ते जे बोलतील ते ऐकून घ्यायचं.

विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत बागेला पाणी घालताना वर्गातल्या मुली बघतात म्हणून लाज वाटते म्हणे! कर्मवीर भाऊराव पाटलांपासून चालत आलेली वाट आहे ती, त्या पाण्याच्या पाइपवर शिकून किती जण प्राध्यापक झाले असतील. पाइप सोडू नकोस. फक्त परीक्षेच्या महिन्यात तास कमी करून मिळतात का ते विचार.

आणि ते "कधी कधी वाटतं गायबच व्हावं" असं लिहिलंयस, ते मी वाचून सोडून दिलेलं नाही. पुन्हा तसं वाटलं तर एकटा खोलीत बसू नकोस, त्याच क्षणी कोणाजवळ तरी जा आणि १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री दोनला पण.

सोमवारी ऑफिस, मंगळवारी सर, रविवारी दादा. दादा काय म्हणाले ते मला कळव, दोन ओळी चालतील.