भामिनीसमोर उभं राहताना

संगीत नाटकातला कोणता कलाकार तुमचं प्रेरणास्थान आहे आणि त्याच्याकडून तुम्ही नेमकं काय घेतलंत, असं तुम्ही विचारलंय. या प्रश्नाला दहातले नऊ जण बालगंधर्व म्हणतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. माझं उत्तर मात्र त्यांच्याच काळातले गायकनट केशवराव भोसले.

गंमत अशी की मी त्यांना ऐकलेलं नाही. रंगमंचावर त्यांना पाहिलेलं माणूस आज हयात असणंच शक्य नाही. 1921 साली ते गेले, वय अवघं 31. त्यांचा आवाज तडफदार होता, ताना विजेसारख्या होत्या, हे सगळं वाचलेलं. मग ज्याचं गाणंच कानावर पडलं नाही, त्याच्याकडून गायिकेनं घ्यायचं काय? तेच सांगते, पण त्यासाठी आधी माझी मिशी मध्ये आणावी लागेल.

आमचं बायकांचं हौशी मंडळ आहे. वर्षाला एक संगीत नाटक, आणि सगळी पात्रं बायकाच करतात. माझा आवाज जाड. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला "तू नुसते ओठ हलव" म्हणून सांगितलं होतं, यावरून कल्पना करा. पट्टी काळी दोन, म्हणजे बायकांच्या नेहमीच्या सुरापेक्षा बरीच खाली. त्यामुळे मंडळात आल्यापासून मी कायम पुरुष: कधी अर्जुन, कधी दुष्यंत. 'मानापमान' नाटक बसवायचं ठरलं तेव्हा मला न विचारताच माझ्या नावापुढे त्यातला नायक, धैर्यधर, लिहून झालं होतं.

नायिकेची, भामिनीची भूमिका करणारी आमची मैत्रीण गाते सुरेख आणि दिसतेही सुरेख. तिचं पद संपायच्या आत टाळी पडते. वन्समोअर मिळाला की ती असा काही संकोच दाखवते की आणखी एक मिळतो. तिच्यासमोर मी अंगरखा, पागोटं आणि चिकटवलेली मिशी घेऊन उभी. पहिल्या प्रयोगात 'प्रेमसेवा शरण'च्या ऐन भरात मिशीचं डावं टोक सुटलं. त्या संध्याकाळची सर्वांत मोठी दाद मला तेव्हा मिळाली.

त्यानंतर मी रुसले, असंच म्हणायला हवं. तालमींना उशिरा जायचं, गेलं तर अर्ध्या आवाजात म्हणायचं. मनात हिशोब एकच: लोक तिलाच ऐकायला येतात, मी घसा कशाला फोडू? ऑर्गनवाले काका वैतागायचे, कारण दोघींच्या पट्ट्यांच्या तिढ्यातून आधीच त्यांचे हाल, त्यात माझं हे असं.

त्याच दिवसांत मी संयुक्त मानापमानाबद्दल, म्हणजे बालगंधर्व आणि केशवरावांनी एकत्र केलेल्या प्रयोगाबद्दल, वाचत होते. गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते, मलाही होती. 8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर, स्वातंत्र्यचळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. पण आजवर मी ती गोष्ट प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून ऐकली होती: कोण जिंकलं, कोणाला टाळ्या जास्त. या वेळी पहिल्यांदा धैर्यधराच्या बाजूनं, विंगेतून वाचली आणि चरकले.

जरा बघा. मानापमान हे गंधर्वांच्या घरचं नाटक. 1911 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत भामिनी पहिल्यांदा उभी केली ती त्यांनीच. दहा वर्षांत ती भूमिका आणि तो माणूस प्रेक्षकांच्या मनात एक होऊन गेले होते. केशवरावांची स्वतःची कंपनी होती, ललितकलादर्श. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीशी तिची चुरस महाराष्ट्रभर चघळली जायची, दोघांचे भक्त वेगळे, भांडणंही खरीखुरी. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या नाटकात, त्याच्यासमोर, खच्चून भरलेल्या थिएटरात उभं राहायचं. तुलना होणारच, ती टाळायला कुठे जागाच नाही. आणि केशवराव त्यात पूर्ण आवाजानं उतरले. त्या रात्री जिंकलं कोण यावर आजही लोक हिरिरीनं बोलतात. मला त्या वादात रस उरलेला नाही. पुढे दोघांनी मिळून संयुक्त सौभद्रही केलं, माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

हा माणूस काही अलगद वर आलेला नव्हता. घरची गरिबी, शाळेशी फारसा संबंध नाही, लहानपणीच स्वदेशहितचिंतक या नाटक मंडळीत दाखल. नाव झालं ते 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत, 'मूर्तिमंत भीति उभी' म्हणणारा कोवळा पोरगा म्हणून. बायकी भूमिकांमधून पुढे तो पुरुषी भूमिकांकडे आला. मी बाई असून मिशी लावते, त्यामुळे या उलट्या प्रवासाबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे. 1908 साली हुबळीत ललितकलादर्श काढली तेव्हा वय अठराच्या आसपास. त्या वयात मी घरच्यांना न विचारता सिनेमाला गेले याचंच मला कौतुक होतं! नाव झालंय म्हणून गाण्याची शिकवणी सुटली नव्हती, रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या गवयाची तालीम घेतली. 1913 साली 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' या नाटकातली मृणालिनी केली. आणि जुन्या लोकप्रिय नाटकांवर कंपनी आरामात चालली असती, तरी हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' हे मामा वरेरकरांचं नाटक रंगमंचावर आणलं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, मी काय घेतलं. त्यांची तान घेणं शक्य नव्हतं, तेवढा गळाही नाही. मी एवढंच केलं की पुढच्या तालमीला वेळेवर गेले आणि पूर्ण आवाजात म्हटलं. भामिनी चमकून माझ्याकडे बघायला लागली. दोन दिवसांनी तीही तालमीत आवाज राखून गाईनाशी झाली. तेव्हा मला कळलं की माझ्या अर्ध्या आवाजामुळे तिलाही इतके दिवस एकटीनंच प्रवेश ओढावा लागत होता. तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. वनमालेच्या वेषात ती धैर्यधराकडे येते तो प्रवेश त्यानंतर कुठे उभा राहिला. टाळ्या तिलाच जास्त पडतात अजून. मला त्याचं काहीच वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण आता ते प्रयोग संपल्यावर वाटतं, पद चालू असताना नाही.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी बांधवलेलं ते पॅलेस थिएटर, पुढे त्याला केशवरावांचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, त्यांची जयंती होती. मोबाईलवर ज्वाळांचा व्हिडिओ बघताना सर्वांत आधी मी भामिनीला फोन केला. दोघीही धड बोललो नाही. ती हुंदके देत होती आणि मी नुसतं "हो गं, हो गं" करत होते.

मानापमान आम्ही पुन्हा करतोय. तालमी सुरू झाल्यात, भामिनी तीच. मिशीसाठी या वेळी चांगल्यातला स्पिरिट गम मागवलाय, तो भामिनीनंच शोधून दिला.