ख्रिस्ती विश्वासात नवीन आहेस आणि संकट आलंय, तर आधी हे वाच

अरे भाऊ, बाप्तिस्मा झाला आणि लगेच नोकरी गेली, म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी बोललं तर मनावर घेऊ नको. प्रेषित पौलाने (येशूचा संदेश पसरवणारा) शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, काटा काही गेला नाही, देवाकडून उत्तर काय मिळालं तर "माझी कृपा तुला पुरे". बायबलमधलं २ करिंथ १२ (करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय १२) वाच, पण त्याआधी १ राजे १९ (राजांचं पहिलं पुस्तक, अध्याय १९) वाच असं मी सांगेन. एलीया एवढा मोठा संदेष्टा, झुडपाखाली बसून म्हणतो मला मरण दे, आणि देव त्याला लेक्चर देत नाही, झोपू देतो, भाकर-पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो, मग कुठे पुढचा ४० दिवसांचा प्रवास. म्हणून तूही आधी नीट जेव, झोप (रात्री २ वाजता मोबाईलवर प्रवचनं बघणं बंद कर बाबा). प्रार्थनेत शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाच, त्यात सरळ तक्रारच आहे. घरभाड्याचं टेन्शन असेल तर पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) स्पष्ट सांग, नुसतं "प्रार्थना करा" म्हणून गप्प बसू नको, मंडळीतूनच (चर्चच्या लोकांतूनच) कोणीतरी नोकरीचं बघेल.