पॉलिसीवर कर्ज काढून फोन?

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६, पगार ४५ हजार, घरी पत्नी आणि दोन मुली. २०२२ च्या दिवाळी सेलमध्ये १८ हजारांचा फोन घेतला, दोन वर्षांत सुरक्षा अपडेट बंद. विचारलं तर कंपनी म्हणते, नवा घ्या. वैतागून आता सात वर्षं अपडेट देणारा ७५ हजारांचा फोन घ्यायचाय. 'पाच वर्षं महिना ४ हजारांची पॉलिसी भरतोय, दुसरा विमा नाही. एकूण वीस वर्षं भरली की पैसे दुप्पट होणार आहेत. तिच्यावर कर्ज काढू का?'

नाही. राग योग्य आहे, पण अपडेटची वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नाही. सेलमधला 'स्वस्त' फोन बहुधा निम्मं आयुष्य संपवून आलेला असतो. सात वर्षांसाठी ७५ हजार म्हणजे वर्षाला पावणेअकरा हजार. सॅमसंगचा गॅलेक्सी ए१६ ५जी २०२४ मध्ये १९ हजारांना आला, सहा वर्षं अपडेटचं आश्वासन घेऊन. बाजारात आला तेव्हाच्या हिशेबाने वर्षाला चार हजारांच्या आत. फोनचा विषय संपला.

आता ती पॉलिसी. ९ लाख ६० हजार भरून साडेसोळा लाख मिळणार, हे तुमचं 'दुप्पट'. व्याजदर काढला तर जेमतेम पाच टक्के. त्याच पैशावर तुम्ही नऊ-साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढणार! एजंटाने हा हिशेब सांगितला नसेलच. सांगून पॉलिसी विकली जात नाही.

आणि विमा फक्त ९ लाखांचा. घरखर्च तीस हजार धरा, अडीच वर्षांत पैसे संपले. मुलींची शाळा तरी संपेल का तेवढ्यात?

तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला १५ हजारांच्या आसपास पडावा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. हप्त्याच्या वर्षाच्या ४८ हजारांतले उरलेले ३३ हजार दरवर्षी पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाका. ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत नऊ लाख. जुनी पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर मुदतीपर्यंत तशीच ठेवली, की तिचे सव्वादोन लाख आणि जमलेला बोनस. साडेसोळापेक्षा तीन-चार लाख कमीच, हे लपवत नाही. पण मधली पंधरा वर्षं घरामागे ९ लाखांऐवजी १ कोटी असतील.

टर्म विम्याचा कागद हातात येईपर्यंत जुना हप्ता मात्र चुकवू नका. आणि जुन्या फोनला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, म्हणून नवा फोन येईपर्यंत यूपीआय पगाराच्या खात्यावरून काढून दोन-तीन हजार शिल्लक असलेल्या खात्याला जोडा.