विमान जॅकवर असतं तेव्हा

गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं, की मोठ्या तपासणीत विमानाची चाकं हँगरमध्येच पोटात घेऊन पुन्हा बाहेर काढून बघतात. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: चाकं आत गेल्यावर विमान उभं कशावर राहतं? तीन पायांच्या हायड्रॉलिक जॅकवर. आम्ही त्याला नुसतं ‘ट्रायपॉड’ म्हणायचो. माझी सगळी नोकरी सांताक्रूझच्या हँगरांत गेली आणि त्यातला बराच वेळ या जॅकच्या आसपास. म्हणून या वेळी पत्रं याच विषयावरची घेतो.

मी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहे. आम्ही टायर बदलायला बॉटल जॅक लावतो. विमानाचा टायर बदलायला अख्खं विमान उचलावं लागतं का? — एक वाचक, सांगली

नाही हो, तिथे तुमचंच तंत्र. चाकाच्या आसाखाली ठरलेली जागा असते, तिथे ॲक्सल जॅक लावायचा. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की पुरे, विमान बाकीच्या चाकांवर उभंच असतं. तुमच्या टायरात हवा असते, एअरबस ए-320 च्या मागच्या टायरात साधारण 200 पीएसआय दाबाचा नायट्रोजन. तो आधी सोडायचा, मगच आसाच्या नटाला हात लावायचा. रात्री उशिरा आलेलं विमान पहाटे पुन्हा निघायच्या आत हे काम पार्किंगवरच होतं, पाऊस असला तर पावसात.

अख्खं विमान उचलायची वेळ क्वचित येते. चाकं आत-बाहेर करून बघायची असली, ओव्हरहॉलसाठी गिअर, म्हणजे चाकांसकट अख्खा पाय, सोडवायचा असला, विमानाचं वजन करायचं असलं किंवा सांगाड्याची काही दुरुस्ती असली तर. मग तीन ट्रायपॉड लागतात: एक नाकाजवळ, दोन पंखांखाली. शेपटीखाली चौथा टेकू लावतात, पण तो उचलायला नव्हे. तोल मागे जायला लागला तर अडवायला तो असतो. तो पंप करून विमान वर घेऊ पाहणारा नवखा मी पाहिला आहे, आणि त्याला ऐकवलेलं तिखट बोलणंही.

पंखाचा पत्रा इतका पातळ, त्यात जॅकचं टोक घुसत नाही? — एक गृहिणी, अलिबाग

पत्र्याला जॅक लागतच नाही. पंखाच्या आत लांबीच्या दिशेने जाणारे स्पार, म्हणजे तुळया, असतात आणि त्यांना आडवे रिब, म्हणजे फासळ्या. जिथे या दोघांचा जोर एकत्र येतो, तिथे खालच्या बाजूला जॅकची जागा ठेवलेली असते. एरवी ती झाकलेली असते. झाकण काढून तिथे जॅक पॅड बसवायचा. त्याचं खालचं टोक गोल असतं आणि जॅकच्या डोक्यावर त्याच मापाचा खळगा. गोल अशासाठी, की वर जाताना विमान थोडंफार कलतं, तेव्हा टोकाला खळग्यात फिरता आलं पाहिजे. सपाटावर सपाट टेकवलं तर तो कल रॅमला, म्हणजे जॅकमधून वर सरकणाऱ्या दांड्याला, बाजूने ढकलेल. रॅम सरळ खालून वर जोर घ्यायला बनवलेला असतो, बाजूचा जोर त्याला सोसत नाही. म्हणून जॅक लावताना तो पॅडच्या बरोबर खाली उभा आहे ना, हे चारही बाजूंनी वाकून बघायचं. कमरेचे आजार आम्हाला तिथूनच लागतात.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. पंखाची आणि पोटाची काही पॅनलं नुसती झाकणं नसतात, तीही भार घेतात. ती काढलेली असताना विमान उचललं, तर सांगाडा जरासा वाकतो आणि नंतर पॅनल बसवायला गेलं की स्क्रूची भोकं जुळत नाहीत. त्यामुळे उचलण्याआधी कुठली पॅनलं सगळ्या स्क्रूंसकट जागेवर हवीत, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. शिफ्ट बदलताना हे बोलायचं राहून गेलं, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी हातात स्क्रू घेऊन भोकाकडे बघत बसलेला सापडतो.

मी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. तीन पायच का? आणि विमान वर असताना ऑइल सील फुटलं तर? — एक विद्यार्थी, कराड

पायांचं उत्तर तुमच्या आजीच्या चुलीत आहे. तीन दगड कुठेही मांडा, डुगडुगत नाहीत. हँगरची फरशी कितीही गुळगुळीत दिसली तरी तिला पाण्याच्या निचऱ्याचा उतार असतो. चार पायांत एक नेहमी अधांतरी राहिला असता.

सीलचा प्रश्न महत्त्वाचा. तत्त्व पास्कलचं, पुस्तकात शिकलाच असाल. पंपाचा दट्ट्या 1 चौरस सेंटिमीटरचा आणि रॅम 100 चौरस सेंटिमीटरचा धरा. दट्ट्यावर 100 किलोचा जोर दिला की रॅम 10 टन उचलतो. मोबदल्यात दट्ट्या 100 सेंटिमीटर चालेल तेव्हा रॅम एक सेंटिमीटर चढतो. रिकामं ए-320 साधारण 42 टनांचं, आणि त्यातला बहुतेक भार पंखांखालच्या दोन जॅकवर. हाताने पंप मारत बसलात तर खांदे भरून येतात, म्हणून मोठ्या जॅकना हवेवर चालणारा पंप असतो.

पण विमान त्या ऑइलच्या भरवशावर कोणी सोडत नाही. रॅमला बाहेरून आटे असतात आणि त्यांवर जाड लॉक नट. रॅम वर सरकेल तसतसा हा नट फिरवत सिलिंडरच्या तोंडाजवळ ठेवायचा, मध्ये बोटभरसुद्धा फट राहू द्यायची नाही. ठरलेली उंची आली की नट पूर्ण टेकवायचा. आता भार लोखंडावर. सील फुटलं, नळी सुटली, कोणी चुकून व्हॉल्व्ह उघडला, तरी रॅम नटाच्या खाली येत नाही. चढताना मधेच फुटलं तर विमान त्या फटीएवढंच खाली येईल. तरीही एका कोपऱ्याला बसलेला तो हिसका कोणाला नको असतो, म्हणून फट कमी.

प्रत्येक जॅकवर दोघं: एक पंपावर, एक नटावर. नवख्याला नटावर उभं करायची पद्धत आहे. त्याला ते दुय्यम काम वाटतं. मला विचाराल तर पंपावर कोणीही चालेल, नटावर मात्र ज्याचं लक्ष उडत नाही असा माणूस हवा.

या सगळ्यांना हुकूम देणारा एकच. तो समोर उभा राहतो, जिथून तिन्ही जॅक आणि विमानाची पातळी दिसते. पातळी बघायला बोइंग 737 मध्ये चाकांच्या खणात चक्क ओळंबा टांगतात, गवंड्याचा असतो तसाच, आणि त्याचं टोक खालच्या आखलेल्या पट्टीवर कुठे येतं ते बघतात. डावीकडे कललं की उजवीकडचा जॅक थांबवायचा. ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणायचा हक्क त्या एकाचाच. ‘थांबा’ मात्र कोणीही ओरडू शकतो, कालच लागलेला हेल्परसुद्धा, आणि मग कारण न विचारता सगळ्यांनी थांबायचं.

ऑइलबद्दल एक, कारण डिप्लोमावाले इथे हमखास फसतात. जेट विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत स्कायड्रॉल नावाचं जांभळट ऑइल असतं, डोळ्यांत गेलं तर पाणी काढतं. जॅकमध्ये साधारणपणे लाल मिनरल ऑइल. दोन्हींची सीलं वेगळ्या रबराची. एकाचं ऑइल दुसऱ्यात गेलं की सील फुगतं, मऊ पडतं आणि तुम्ही विचारलेला प्रसंग खरंच उभा राहतो.

हवेत लटकलेल्या विमानाला आपण जमिनीवर नाही हे कळतं का? — निवृत्त शिक्षक, डोंबिवली

कळतं, आणि गैरसमजही होतो. चाकाच्या दांड्यातला शॉक ॲब्सॉर्बर भाराखाली दबलेला असतो. जॅकवर घेतलं की तो पूर्ण लांबतो, सेन्सर ते वाचतात आणि विमानाला वाटतं, आपण उडालो. मग उड्डाणात होणाऱ्या गोष्टी व्हायला लागतात. जमिनीवर कॉकपिटमधला गिअरचा दांडा चुकून वर ओढला जाऊ नये म्हणून असलेली अडवणूक सुटते. काही विमानांत वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या तापायला लागतात, हात लावला तर चटका. म्हणून जॅकवर घेण्याआधी ठरलेले सर्किट ब्रेकर ओढायचे, म्हणजे त्या यंत्रणांची वीज तुटते, त्यांना टॅग लावायचे, कॉकपिटमध्ये पाटी लावायची आणि चाकांच्या सांध्यांत लाल फीत असलेल्या लॉक पिना घालायच्या.

पिन घातली म्हणजे झालं, असंही नाही. 18 जून 2021 ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 787 नाकावर बसलं. ते जॅकवर नव्हतं, आपल्या चाकांवर उभं होतं आणि त्यात माल चढवणं चालू होतं. बिघाड शोधण्याच्या कामात गिअरचा दांडा वर करायचा होता, त्यासाठी आधी पिना घातल्या होत्या. नाकाच्या गिअरची पिन शेजारच्या भोकात गेली होती, त्यामुळे दांडा वर होताच तो गिअर मिटला. ब्रिटनच्या अपघात तपास विभागाच्या अहवालात कारण आहे: ज्याला जागा माहीत होती त्याचा हात पोहोचत नव्हता, त्याने खालून बोट दाखवलं आणि दुसऱ्याने पिन घातली. ते फसवं भोक बुजवायचा आदेश आधीच निघाला होता, पण मुदत शिल्लक होती आणि या विमानावर ते काम अजून झालं नव्हतं. हा अहवाल मी ओळखीच्या प्रत्येक पोराला वाचायला लावतो. शिडी आणायचा कंटाळा किती महाग पडतो ते त्यात दिसतं.

आमच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं मोठं हँगर आहे. विमान उचलताना दरवाजे बंदच ठेवतात, असं ऐकलं. गुप्तता असते का? — एक वाचक, नागपूर

गुप्तता कसली, वारा! पंखाचं कामच वाऱ्यावर उचललं जाण्याचं, ते हँगरमध्ये आल्यावर बदलत नाही. तीन टोकांवर टेकलेल्या विमानाला बाजूच्या झुळकेनेही हलवायला नको. उघड्यावर उचलायची वेळ आली तर वाऱ्याचा किती वेग चालेल, ते प्रत्येक विमानाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. वजन करताना तर पंखेही बंद करतात. तेव्हा जॅकच्या डोक्यावर भार मोजणारे लोड सेल ठेवलेले असतात आणि पंखांवरून हवा वाहिली की आकडे नाचतात. मे महिन्यात नागपुरात हे काम करणाऱ्यांना माझा नमस्कार.

विमान उचलणं हे सगळ्यांत धोक्याचं काम असेल ना? — एक वाचक, इचलकरंजी

उतरवणं त्याहून धोक्याचं. उचलताना सगळे सावध असतात. उतरवायची वेळ येते तेव्हा काम संपलेलं असतं, शिफ्ट संपत आलेली असते, डोळ्यांपुढे लोकल असते.

आधी खाली बघायचं. विमान वर असताना त्याच्याभोवती शिड्या, प्लॅटफॉर्म, ऑइलचे ट्रे, कोणाचं तरी टूलबॉक्स असं बरंच काही जमतं. एका हँगरमध्ये, नाव सांगत नाही, फ्लॅपखाली, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाखाली, राहिलेली छोटी शिडी कोणाला दिसली नाही. विमान खाली आलं, शिडी तशीच उभी राहिली आणि फ्लॅपला भोक पडलं. फ्लॅप दुरुस्त होईपर्यंत ते विमान तिथेच. तेव्हापासून मी उतरवण्याआधी विमानाभोवती चालत एक फेरी मारायचो, दुसऱ्या कोणी आधीच मारलेली असली तरी.

मग व्हॉल्व्ह. पण तोही लगेच उघडायचा नाही. भार नटावर असतो, म्हणून आधी थोडं वर पंप करायचं, नट मोकळा करायचा आणि रॅम खाली येईल तसा तो वर फिरवत न्यायचा. तिन्ही व्हॉल्व्ह हळू, एकाच हुकमाने. चाकं टेकली की टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण खरी फसवणूक इथेच होते. लांबलेला शॉक ॲब्सॉर्बर आपल्या सीलांना धरून तसाच अडून बसतो. जॅक पॅडपासून सुटला, विमान चाकांवर आलं, सगळं शांत. आणि मग कोणीतरी आत चढतं, किंवा दोन-चार मिनिटं जातात, आणि विमान एकदम धप्पकन बसतं. त्या क्षणी जॅक पंखाखाली असला, तर पंख त्याच्या डोक्यावर येतो. म्हणून रॅम पूर्ण खाली घ्यायचा, जॅक ताबडतोब ओढून बाहेर काढायचे, आणि तोवर कोणी आत-बाहेर करायचं नाही.

मी बारावी सायन्सला आहे. विमान दुरुस्तीत जायचंय, पण घरचे म्हणतात, जॅक ओढणं मुलींचं काम नाही. — एक वाचक, जळगाव

मोठ्या ट्रायपॉडला चाकं असतात आणि तो एकट्याने कोणीच ओढत नाही, ना मुलगा ना मुलगी. पंप हवेवर चालतो. घरच्यांना एवढं सांग. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. पुढे डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतून एएमईचं, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचं, शिक्षण, त्यांच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मग लायसन्स. इंजिन आणि सांगाडा आवडत असेल तर बी-1, वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स आवडत असेल तर बी-2. फी भरण्याआधी संस्थेची मान्यता चालू आहे का, ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघ. एजंटच्या माहितीपत्रकावर जाऊ नकोस. प्रत्यक्ष विमानावर किती काम करायला मिळतं, ते तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गेटवर गाठून विचार.