‘काढा गाळ, बघू’ म्हणजे परवानगी नव्हे

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाने सरकारी खात्याच्या तळ्यावर पाच वर्षांचा बोटिंगचा ठेका घेतला. 2019 च्या पुरानंतर तळं भरत गेलं. फेब्रुवारी उलटला की पॅडलच्या बोटी गाळात रुतायच्या. मे 2023 मध्ये त्यांनी पदरच्या पैशाने पोकलेन लावून गाळ काढला. ‘काढा गाळ, बघू’ असं खात्याचे साहेब म्हणाले होते म्हणे. आता खातं बिलही देत नाही आणि अनामतही. अशी पत्रं नेहमी येतात; तळ्याऐवजी कधी नाला असतो, कधी शाळेची भिंत. खात्याने अन्याय केला का, यावर मी शाई घालवत नाही.

तुम्ही पाठवलेले कराराचे फोटो मी दोनदा वाचले. करार कन्नडमध्ये, खाली तुमची सही मराठीत. क्लार्कने वाचून दाखवला होता, असं लिहिता. मग ऐकलंत काय? कलम 9 मध्ये ‘दोणि मत्तु आवरणद निर्वहणे’ तुमच्याकडे आहे, म्हणजे बोटी आणि आवाराची देखभाल. गाळाला कन्नडमध्ये ‘हूळु’. तो शब्द अख्ख्या करारात नाही. म्हणजे गाळ काढणं तुमच्या अंगावर नव्हतं; इथवर बरं आहे. पण कलम 14 म्हणतं, तळ्यात कसलंही खोदकाम ‘लिखित अनुमति’शिवाय नाही. हे दोन शब्द तर मराठीतही तेच आहेत. निदान कानावर पडायला हवे होते.

तुमचं सगळं प्रकरण या कलम 14 वर उभं आहे. भारतीय करार कायद्याचं कलम 70 सांगतं की फुकट करायच्या हेतूने नसलेलं कायदेशीर काम एकाने दुसऱ्यासाठी केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बी. के. मोंडल खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1961 साली हे सरकारलाही लागू केलं, रीतसर करार झालेला नसताना. पण त्याच निकालात हेही आहे की काम कुणावर लादता येत नाही. समोरच्याने ते आपणहून स्वीकारलेलं असलं पाहिजे. तुमच्याकडे तर करार आहे आणि तोच खोदायला मनाई करतो. खात्याचा वकील पहिल्याच तारखेला 14 वर बोट ठेवेल.

म्हणून तुमच्या पत्रातली एकच ओळ मला कामाची वाटली: तिसऱ्या दिवशी ज्युनिअर इंजिनिअर टेप घेऊन आले, लांबी-रुंदी मोजली आणि वहीत काहीतरी लिहून गेले. ती वही जर मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची खात्याची अधिकृत वही असेल, तर खात्याने काम डोळ्यांदेखत होऊ दिलं आणि मोजूनही घेतलं, असं म्हणायला जागा आहे. नसेल, तर मी फार आशा दाखवणार नाही. त्या पानाची आणि फाइलमधल्या टिपणांची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा इथल्या राजभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये करा. मराठीत केलात तर परत यायला निमित्त मिळेल. स्वाभिमानाची लढाई दुसऱ्या अर्जात लढा. उत्तराला तीस दिवस असतात.

दाव्याची मुदत केलेल्या कामापासून तीन वर्षं, म्हणजे मे 2026 मधली काम संपल्याची तारीख. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ते दोन महिने मुदतीतून वगळले जातात, पण त्यावर विसंबू नका. ‘अनुदान आलं की देऊ’ हे फोनवरचं आश्वासन मुदत वाढवत नाही. मुदत संपण्याआधी तेच सही करून कागदावर दिलं, तर वाढते. दावा लागल्यावर किती वर्षं जातील ते विचारू नका. तोवर तळं पुन्हा भरलेलं असेल.

अनामतीचं वेगळं बघता येईल, कदाचित तडजोडीतही सुटेल.

शेवटी, गाळ ‘आजूबाजूला दिला’ असं मोघम लिहिलंय. शेतकऱ्यांच्या रानात पसरला असेल तर फारशी काळजी नाही. वीटभट्टीला विकला असेल तर विटांची माती गौण खनिजात येते, रॉयल्टीचा प्रश्न निघेल आणि कलम 70 मधला ‘कायदेशीर’ हा शब्द तुमच्यावरच उलटेल. टिपर कुठे रिकामे झाले, ते नोटीस काढण्याआधी मला खरंखरं सांगा.